टीचरबायच्या पत्त्यांचा कौल

टीचरबायला सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर कधी मिळत नसे. "टीचरबाय, किती वाजले?" असं विचारलं, तर घड्याळाकडे न बघता ती आपल्याकडे बघायची आणि म्हणायची, "कित्या गो, उशीर झालो तुका?" बाजारात बांगडा कसा होता विचारावं, तर "खावची इच्छा झाली?" मी मुळातच तापट. घरी पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांची जेवणं सांभाळून, वेळेशी मारामारी करत जगणारी बाई. पहिल्याच भेटीत मी तिला तोंडावर म्हटलं, "टीचरबाय, तुमका साधा उत्तर देवक कोणी शिकवल्यानी नाय काय?" ती रागावेल असं वाटलं होतं. ती उलट खुशीत हसली आणि म्हणाली, "बघ, आता तू खरा बोललंस."

ती टीचर नव्हती. आयुष्यात कधी फळ्यासमोर उभी राहिली नव्हती. पण आमच्या किनाऱ्यावर फ्रॉक घालणारी, चष्मा लावणारी, एकटी राहणारी किरिस्तांव बाई म्हणजे टीचरच, त्याला कोण काय करणार! जन्म आरोंद्याचा, आणि सगळी नोकरी मुंबईत, एका इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागात. निवृत्त झाल्यावर आमच्या गावात खाडीच्या तोंडाशी तिने एक कौलारू घर घेतलं. का घेतलं, आरोंद्याला माहेरी, भावाकडे का गेली नाही, हे मी बरेचदा विचारलं आणि तितक्याच वेळा तिने मला विचारलं, "तू आवशीच्या घराक ऱ्हवतंस?"

घराच्या पुढच्या बाजूला बलकांव होता, म्हणजे दोन्हीकडे सिमेंटचे बाक असलेला ओटा. तिथे बसून ती पत्ते मांडायची. रमीचे नव्हेत, टॅरोचे. राजे, राण्या, चंद्र, सूर्य, कंदील घेतलेला म्हातारा, उलटा टांगलेला माणूस, अशी मोठी मोठी रंगीत चित्रं असलेले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेले असत. माझ्याकडे उतरणाऱ्या पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना कुठून कोण जाणे याचा वास लागायचा, आणि सोलकढीची वाटी खाली ठेवता ठेवता त्या मुली विचारायच्या, "इथे कोणी टॅरो बघतं ना?" मी त्यांना टीचरबायकडे पाठवायची. लग्न कधी होईल, परदेशी जायला मिळेल का, हे विचारायला त्या जायच्या आणि दोन तासांनी डोळे सुजवून परत यायच्या. पुढचं एक अक्षर कळलेलं नसायचं. तरी दुसऱ्या दिवशी परत जायच्या.

"पत्तो काय्येक सांगना नाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. "पत्त्याक तोंड नाय. तोंड तुका आसा." चित्र समोर ठेवायचं आणि विचारायचं, "तुका काय दिसता?" एवढाच तिचा सगळा धंदा, आणि धंदा तरी कसला, कोणाकडून चहासुद्धा घेत नसे. एकदा विजयदुर्गाकडचा एक इंजिन दुरुस्त करणारा आला होता. त्याच्यापुढे वीज पडून कोसळणाऱ्या बुरुजाचं चित्र निघालं. पुण्याच्या पोरी तो पत्ता बघून दचकतात. हा मात्र म्हणाला, "हो तर आमचो किल्लो. पण हयसून माणसां उडी कित्या मारतत?" आणि मग स्वतःच अर्धा तास सांगत बसला, की त्याला बापाच्या घरातून बाहेर पडायचं आहे आणि धीर होत नाही. टीचरबाय फक्त मान हलवत होती.

मला ती समजावून सांगायची, कारण मी भांडायची. माझं म्हणणं, हे सगळं थोतांड आहे. ती म्हणायची, माणसाच्या मनात काही माणसं जन्मापासून वस्तीला असतात. एक आई असते, एक राजा असतो, एक येडा असतो, एक एकटा म्हातारा असतो, आणि एक सैतान असतोच असतो. मुंबईत असो की मालवणात, सगळ्यांच्या मनात हीच मंडळी. "पुस्तकात तेंका आर्किटाइप म्हणतत. तू बिऱ्हाडकरू म्हण. भाडा देनत नाय, पण घर तेंचाच." माणसाला स्वतःबद्दल विचारलं की तो खोटं बोलतो, वॉर्डात तिने जन्मभर ते ऐकलं होतं. चित्रातल्या माणसाबद्दल विचारलं की मात्र खरं बोलून जातो. म्हणून पत्ते.

तिची मांडणी तीन पत्त्यांची. पहिला सोंगाचा, म्हणजे लोकांना दाखवायचं तोंड. दुसरा सावलीचा, म्हणजे आपण पाठीमागे लपवतो तो. तिसरा दाराचा, म्हणजे आत यायला कोण उभा आहे तो. माझ्या सावलीच्या जागी सिंहासनावर बसलेला एक दाढीवाला राजा निघाला होता. मी म्हटलं, "ह्या ढेरपोट्याशी माजा काय देणाघेणा?" ती म्हणाली, "जो पत्तो बघून राग येता, तो घरचो. तुज्या घरात हुकूम कोण सोडता गो?" नवऱ्याला हे सांगण्याची चूक मी केली. अजून तो मला कधीकधी महाराज म्हणतो.

पाद्रीबाबांनाही हे आवडत नव्हतं. एक दिवस ते तिला समज द्यायला आले. ते बाकावर बसले, तिने काही न बोलता कंदीलवाल्या म्हाताऱ्याचा पत्ता त्यांच्यापुढे ठेवला. मी खाडीवर गेले होते ती येईपर्यंत पाद्रीबाबा बोलतच होते, त्यांच्या आईबद्दल. त्यानंतर चर्चमध्ये पत्त्यांविरुद्ध काही बोललं गेलं नाही.

आता माझ्या बाबांचं सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून टीचरबाय मला कळलीच नसती.

बाबा तांडेल. होडी त्यांची, आणि होडीवर शब्दही त्यांचाच. काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, कायम सोबत असायचा. बाबा त्याला बाळा म्हणत. एका मोसमाच्या अखेरीस अचानक वारं उठलं आणि काका पाण्यात गेला. बाबा उरलेल्या तीन खलाशांना घेऊन किनाऱ्याला लागले. "लाट इली, गेलो," एवढंच बोलले. काका कधी सापडला नाही. खलाशीही तेच बोलले, लाट आली, गेला. माझी आई आधीच गेलेली, त्यामुळे माहेरच्या घरात बाबा आणि काकी, अशी दोघंच उरली. काकी त्यांना वेळच्या वेळी वाढायची. तिला मी रडताना पाहिलं नाही. "बघूक नाय तेका, मगे रडू कसा?" असं ती एकदा म्हणाली होती. बाबा कामापुरतं बोलत आणि बाकीचा वेळ ओसरीवर बसून असत. अशी दोन वर्षं गेली.

मीच त्यांना टीचरबायकडे नेलं. होड्या बंद होत्या, आषाढ चालू होता. टीचरबायने बोलावलंय, असं खोटंच सांगितलं. बाबा बाकावर अंग चोरून बसले. पहिला पत्ता निघाला, रथ हाकणारा माणूस. "हो तांडेल," बाबा म्हणाले. मला बरं वाटलं, बोलले तरी. दुसरा निघाला उलटा टांगलेला. टीचरबायने विचारलं, "काय दिसता तुमका?"

"बांधलेलो माणूस."

"कोणी बांधल्यान तेका?"

बाबा गप्प झाले. टीचरबायने घाई केली नाही. मग तिने तिसरा, दाराचा पत्ता उलटला. पांढऱ्या घोड्यावर बसलेला हाडांचा सापळा. बाबांनी तो बघितला, उभे राहिले, आणि पत्त्याला हात जोडले.

"कौल मेळलो," ते म्हणाले.

"तांडेलांनू, हो कौल नाय, जरा बसा..." टीचरबाय उठेपर्यंत ते पायऱ्या उतरून गेले होते.

आमच्याकडे कौल म्हणजे काय हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. गावदेवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडते की डावी त्याची वाट बघायची. एकदा पडली की मग बोलणं संपलं. घर कुठे बांधायचं, मुलगी कुठे द्यायची, होडी कधी पाण्यात ढकलायची, सगळं त्या पाकळीवर. या वळणात वाढलेल्या माणसापुढे तुम्ही एकेक चित्र उलटून ठेवलंत आणि तिसऱ्याला दार म्हणालात, तर तो दुसरं काय समजणार? पण हे मला तेव्हा सुचलं नाही. टीचरबायलाही नाही.

कारण त्यानंतर बाबा सुधारले. खरंच सुधारले. बोलायला लागले, माझ्या नवऱ्याची थट्टा करायला लागले. काकीच्या खोलीवरची कौलं त्यांनी परतून घेतली, विहीर उपसून घेतली, तिचा सरपणाचा ढीग छताला लागेल एवढा रचला. जाळी शिवून चांगली केली आणि जुन्या खलाशांना बोलावून वाटून टाकली. "माका आता काय करूची?" म्हणाले. मी तर हरखून गेले. खापरोळी केली, डबा भरला आणि टीचरबायकडे धावले, की तुमच्या पत्त्यांनी जादू केली, मी पूर्वी जे थोतांड वगैरे म्हटलं ते सगळं मागे घेते.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने खापरोळीचा तुकडा ताटलीत परत ठेवला. "जाळी दिल्यानी? सगळी?" मी म्हटलं, सगळी. "झोप लागता तेंका?" लागते, चांगली लागते. "काकीक काय सांगल्यानी?" म्हटलं, काही नाही, फक्त परवा म्हणाले की घर आता तुझं, नीट सांभाळ. टीचरबायने चष्मा काढला. मी तिला प्रश्न विचारलाच नव्हता, तरी तिने उत्तर दिलं.

"बाय, तुजो बापूस मरूक निघालो आसा."

मी तिच्यावर ओरडले. काय बोलता, जिभेला हाड आहे का, असं काहीबाही. तिने मला ओरडू दिलं. मग म्हणाली, "वॉर्डात बघलंय मी. ज्येका दुखता तो आवाज करता. ज्येचा ठरला, तो शांत होता." कधी, एवढंच मी विचारू शकले. तिने मलाच विचारलं, या वेळी सवयीने नव्हे, "होडी कधी सुटतली?"

नारळी पौर्णिमेला. पौर्णिमा तोंडावर आली होती.

पुढचे दिवस कसे काढले ते मला नीट आठवतही नाही. टीचरबायने सांगितलं तसं आम्ही केलं. बाबांना एकटं सोडायचं नाही, म्हणून नवरा तिकडे राहायला गेला. तिने तिच्या ओळखीच्या मनाच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी ताबडतोब घेऊन या म्हटलं. बाबा हलले नाहीत. "माका काय झालाहा? माका बरा वाटता," म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, त्यांना बरं वाटतच होतं. नवऱ्याने होडीच्या इंजिनाचा प्लग काढून आणला. बाबांनी तो त्याच्या खिशात बघितला आणि हसले. "अरे, पाण्यात जावक इंजिन लागता काय?" ते हसणं ऐकून नवऱ्याने त्या रात्री आपलं अंथरूण बाबांच्या दारात आडवं घातलं.

टीचरबाय स्वतः येऊन बसली त्यांच्यापुढे. तिने समजावलं, की त्या पत्त्याचा अर्थ मरण नव्हे, काहीतरी जुनं संपलं एवढाच आहे, पुस्तकात तसं दिलं आहे. बाबा आदराने ऐकत राहिले. मग म्हणाले, "टीचरबाय, एकदा दिलेलो कौल देवपण फिरवणा नाय. तुमी तर माणूस." परत जाताना मी तिला वाटेपर्यंत सोडायला गेले. माडांच्या बांधावर ती थांबली. तिचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "माजी चूक झाली," ती म्हणाली. "मुंबयत मांडी होतंय तशी हयसर मांडलंय. समोर कोण बसलाहा, ताच इसारलंय."

पौर्णिमेच्या सकाळी बाबांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला. समुद्राला द्यायचा नारळ ओसरीवर हळदकुंकू लावून तयार होता. काकी आत नारळीभाताला लागली होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण चुलीपाशी ती फार हळू हात चालवत होती, तेव्हा तिलाही काही कळलं असणार. नवरा दारात उभा होता. बाबा शांतपणे म्हणाले, "बाजूक हो." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, लहानपणी सोडवून घ्यायचे तसा.

तेवढ्यात टीचरबाय अंगणात आली. रविवारचा फ्रॉक, हातात छत्री आणि तो बिस्किटांचा डबा. पायरीही न चढता ती म्हणाली, "तांडेलांनू, तुमचो कौल खोटो."

बाबा थांबले. "खोटो कसो?"

"गाराणा खंय घातलात?"

बाबा पायऱ्या उतरून तिच्यासमोर आले.

"मी आरोंद्याची. देवळाच्या भायर उभी ऱ्हवान ल्हानपणापासून ऐकलंय. आदी गाराणा, मगे कौल. काय झाला, काय व्हया, ता मोठ्यान सांगाचा, उभे आसत तेंच्या कानार पडाक व्हया. लपवलास तर पाकळी पडना नाय. तुमी माज्याकडे येवन गप बसलास. कोणाक काय इचारलास? न इचारता मेळलेलो कौल खंयचो?"

हे त्यांच्याच शास्त्रातलं होतं. टीचरबायने डबा उघडला, फडकं सोडलं आणि पत्त्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात ठेवला. "आता घाला गाराणा. मगे पत्तो काढा. खंयचोव येवंदे, मी आड येवचंय नाय."

मी तिच्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, तो पत्ता काढून ठेवलाय ना? तिने मान नाही म्हणून हलवली. तो घोड्यावरचा सापळा त्या गठ्ठ्यात होता, कुठेतरी मध्ये, नाहीतर अगदी वर. तिने फसवायचं नाकारलं होतं, आणि त्या क्षणी मला तिचा गळा धरावासा वाटला.

बाबांनी गठ्ठा दोन्ही हातांत धरला. आवाज गुरवासारखा मोठा काढायला गेले, तो निघाला घोगरा.

"बा म्हाराजा... बाळो पाण्यात पडलो तेवा जितो होतो. हात वर केल्यान. माका हाक मारल्यान. होडी फिरवली आसती तर आडवी होवन पलटली आसती, आणि होडयेत तीन माणसां होती. मी फिरवक नाय. सुकाणू धरून फुडे बघलंय. तो हाका मारी होतो, दादा, दादा म्हणान. मी मागे बघूक नाय, म्हाराजा. लाट इली म्हणान सांगलंय, पोरांकाव ताच सांगूक लावलंय. आता तो बोलवता. मी जावचा काय नको, ह्या तू सांग."

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. बाबांचा अंगठा वरच्या पत्त्यावर सरकला.

"थांबा."

काकी दारात उभी होती. हाताला खोबरं लागलेलं. ती पायऱ्या उतरून आली आणि तिने तो गठ्ठा बाबांच्या हातातून ओढून घेतला.

"ह्येचो कौल पत्तो देवचो नाय," ती म्हणाली. "हाक माज्या घोवाची होती. कौल मी देतलंय." बाबा तिच्याकडे बघू शकत नव्हते. "दोन वर्सां माज्या हातचा जेवलास. दोन वर्सां माका लाट म्हणान सांगलास. आणि आता मरान मोकळे होतास? मरूक गावचा नाय तुमका. रोज हयसर माज्या समोर बसान जेवाचा. मी वाडतलंय, तुमी जेवाचा. जिते आसास तवसर. ह्योच तुमचो कौल."

मग टीचरबाय, एकटीच, हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

बाबा पायरीवर बसले आणि रडले. दुपारी काकीने पान वाढलं आणि ते जेवले. दुसऱ्या दिवशी टीचरबाय रिक्षा घेऊन दारात आली आणि बाबा मुकाट डॉक्टरांकडे गेले. पुढे प्रत्येक खेपेला तीच त्यांना घेऊन गेली. औषधांनी उतार पडायला वेळ लागला, पण पडला. काकीने आपला शब्द पाळला, एकही जेवण चुकवलं नाही. फक्त पूर्वी ती त्यांना दादा म्हणायची, काका म्हणायचा तसंच, ते बंद झालं. ताट ठेवायची आणि "वाडलंहा" म्हणायची. बाबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

टीचरबायने पत्ते बंद केले. पुण्याच्या पोरींना दारातून परत पाठवायला लागली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ती सरळ उत्तरं द्यायला लागली. किती वाजले विचारलं की वेळ सांगायची. बांगडा ताजा होता का विचारलं की होता म्हणायची. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "तुमीच तर बाबांक वाचवलास." ती म्हणाली, "मी तेंका मराक लावलंय. वाचवल्यान तुज्या काकीन." तिच्याशी भांडताना मी कधी मागे हटले नव्हते, पण हे भांडण मी तिथेच सोडलं, कारण तिच्या बोलण्यातलं अर्धं खरं होतं.

मग एका दुपारी काकी तिच्याकडे गेली. सोबत मला नेलं. बाकावर बसली आणि म्हणाली, "माका मांडा."

"मी आता मांडणंय नाय."

"तुमी काय्येक सांगा नकात. माका बोलाचा आसा. घरात कोणाच्या तोंडाकडे बघान बोलू?"

टीचरबाय आत जाऊन डबा घेऊन आली. मला तिने हातानेच बाहेर जायला सांगितलं. मी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसले. तिथून काकीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. आधी बारीक, मग वाढत गेला, मग ती कोणावर तरी तोंडसुख घेत होती. काकावर, बाबांवर की समुद्रावर, मला माहीत नाही. ऊन कलल्यावर ती बाहेर आली, माझ्याशी न बोलता घराकडे चालू लागली. त्यानंतर ती अधूनमधून जात राहिली. टीचरबायने दुसऱ्या कोणासाठी पत्ते पुन्हा मांडले नाहीत.

मागच्या थंडीत तिचं हृदय कुरकुरायला लागलं आणि भाऊ येऊन तिला आरोंद्याला घेऊन गेला. निघताना मी मूर्खासारखं विचारलं, "परत येशात मां?" तिने माझा गाल धरला आणि म्हणाली, "तू भांडाक कोणाकडे जातलंस गो?" मला तेव्हा भांडायचंसुद्धा सुचलं नाही. महिनाभरात तिच्या जाण्याचा फोन आला. माझ्या आईच्या वेळी मी लहान होते. कोणी गेल्यावर घर कसं रिकामं होतं हे मला टीचरबाय गेल्यावर कळलं, आणि घर तर तिचं होतं, माझं नव्हे.

आम्ही चौघंही आरोंद्याला गेलो. चर्चमागच्या दफनभूमीत माणसं शिस्तीने, हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत उभी होती. पेटी खाली सोडली तशी काकी रडायला लागली. आमच्याकडे रडतात तशी, मोठ्याने, छाती पिटून, नाव घेऊन. पुढची माणसं वळून बघायला लागली. तिच्या तोंडी टीचरबायचं नाव होतं, आणि थोड्या वेळाने काकाचं होतं. मी तिला धरायला गेले, पण टीचरबायच्या भावाने मला खुणेने थांबवलं. बाबा पार मागे, भिंतीला लागून, हात जोडून उभे होते. जवळ यायची त्यांची हिंमत नव्हती.

माती टाकायची वेळ आली. प्रत्येकाने एकेक मूठ टाकली. काकीने एक टाकली, थांबली, वाकून आणखी एक उचलली आणि तीही टाकली. ती कोणाची ते मला कोणी सांगायला नको होतं. मग पदराने तोंड पुसून ती फाटकाकडे निघाली. भिंतीपाशी बाबांच्या समोर आली आणि उभी राहिली. बाबांनी मान खाली घातली.

"दादांनू," काकी म्हणाली, "चला. जेवची येळ झाली."

बाबांना पाऊल उचलायला थोडा वेळ लागला. ती थांबून राहिली.